आधी वही, मग वर्गसमीकरण: समतोलातल्या संहती काढायची रीत

मागच्या चाचणीत एका मुलीनं वर्गसमीकरण फार देखणं सोडवलं होतं. विवेचक बरोबर, वर्गमूळ बरोबर, अक्षर मोत्यासारखं. आणि शेवटी चौकटीत उत्तर: आयोडीनची संहती उणे ०.६७ मोल प्रति लिटर. मी विचारलं, "बाई, उणे आयोडीन कुठल्या बाटलीत मिळतं?" ती म्हणाली, "सर, दोन उत्तरं आली होती, मी पहिलं लिहिलं."

लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवताना हे दरवर्षी दिसतं. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेली मुलं गणितात कच्ची नसतात, उलट बीजगणितात त्यांचा हात चांगला चालतो. अडतं ते दुसरीकडेच. समोरचा आकडा कोणत्या पदार्थाचा, कोणत्या वेळचा आणि किती लिटरमधला, हे त्यांनी कुठं मांडलेलंच नसतं. म्हणून हा लेख सूत्रांपेक्षा मांडणीवर जास्त बोलणार आहे. पुस्तकात ज्याला कॉन्सन्ट्रेशन म्हणतात ती आपली संहती, इक्विलिब्रियम म्हणजे समतोल, आणि क्ष म्हणजे तोच तुमचा एक्स.

समतोल म्हणजे सारखं नव्हे

पहिला गैरसमज हाच. समतोल आला म्हणजे दोन्ही बाजूंच्या संहती सारख्या झाल्या, असं निम्मा वर्ग समजतो. समजा लातूर आणि नांदेड या दोनच आगारांमध्ये एसटी धावते. तासाला लातूरहून चार गाड्या सुटतात, नांदेडहूनही चार. लातूरच्या आगारात तीस गाड्या उभ्या आहेत आणि नांदेडला बारा. तासाभरानं मोजा, आकडे तेच. गाड्या बदलल्या, ड्रायव्हर बदलले, पण तीस ते तीस आणि बारा ते बारा. सारखा आहे तो सुटण्याचा वेग, उभ्या गाड्यांची संख्या नाही. रासायनिक समतोलातही पुढे जाणाऱ्या आणि मागे येणाऱ्या अभिक्रियेचा वेग सारखा होतो, संहती आपापल्या जागी स्थिर राहतात.

काही जण इथं जायकवाडीचं उदाहरण देतात: आवक आणि विसर्ग सारखा झाला की नाथसागराची पातळी हलत नाही. ते मला पटत नाही. धरणात पाणी एका अंगानं येतं आणि दुसऱ्या अंगानं कायमचं निघून जातं, मागे फिरत नाही. समतोलाला बंद भांडं लागतं आणि तोच माल दोन्ही दिशांना फिरावा लागतो.

स्थिर झालेल्या संहतींमध्ये एक ठरलेलं नातं असतं. सहगुणक हा घात म्हणून लावून उत्पादितांच्या संहतींचा गुणाकार करायचा, त्याला अभिक्रियाकारकांच्या तशाच गुणाकारानं भागायचं. जो आकडा येतो तो समतोल स्थिरांक. त्याला आपण के म्हणू. तापमान तेच असेल तर माल कितीही घाला, के तोच.

हे नातं नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे या दोघांनी १८६४ मध्ये मांडलं. नात्यानं ते एकमेकांचे मेहुणे. लेख त्यांनी आपल्या भाषेत, नॉर्वेजियनमध्ये लिहिला आणि युरोपात कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. १८६७ मध्ये फ्रेंचमध्ये लिहिलं, तरी फारसा फरक पडला नाही. शेवटी १८७९ मध्ये जर्मनमध्ये छापल्यावर लोकांचं लक्ष गेलं. मराठीतून अकरावीत आलेल्या मुलांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो.

मोंढ्यातल्या मुनिमाची वही

आता रीत. मोंढ्यात आडत दुकानावर मुनीम सोयाबीनचा हिशेब कसा ठेवतो? सकाळची शिल्लक, दिवसभरात काय आलं-गेलं, आणि संध्याकाळची शिल्लक. तीन ओळी. समतोलाच्या गणितातही तीनच ओळी लागतात: आरंभ, बदल, अखेर. इंग्रजी पुस्तकं याला आइस टेबल म्हणतात. नाव काहीही द्या, ओळी तीन हव्यात आणि प्रत्येक पदार्थाला स्वतःचा रकाना हवा.

यातली महत्त्वाची ओळ मधली. आरंभ कसाही असू शकतो, अखेर आपल्याला माहीत नसते, पण बदल मात्र मनमानी करू शकत नाही. समतोलित समीकरणात ज्याचा सहगुणक १ त्याचा बदल क्ष, ज्याचा २ त्याचा २क्ष. एक बाजू घटली की दुसरी वाढणार, म्हणून चिन्हं उलट. संपूर्ण गणितात अज्ञात एकच, तो म्हणजे क्ष.

वही उघडण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या.

समीकरण समतोलित आहे का, आणि दिलेला के याच समीकरणाचा आहे का? समीकरण उलटं लिहिलं तर के चा व्यस्तांक घ्यावा लागतो. सगळे सहगुणक दुप्पट केले तर के चा वर्ग. पेपर काढणाऱ्यांचा हा आवडता सापळा आहे.

आकडे मोल प्रति लिटरमध्ये आहेत का? प्रश्नात बहुतेक वेळा मोल आणि भांड्याचं आकारमान वेगवेगळं दिलेलं असतं. भागाकार करूनच वहीत लिहायचं. वहीत मोल भरून शेवटी लिटरनं भागू म्हणणाऱ्यांचं पुढे काय होतं ते बघूच.

तिसरी गोष्ट, के च्या मांडणीत कोण येतं? वायू आणि विरघळलेले पदार्थ. शुद्ध घन आणि शुद्ध द्रव येत नाहीत. चुनखडी भाजून कळीचा चुना करताना चुनखडी घन, चुनाही घन, म्हणून के मध्ये उरतो एकटा कार्बन डायऑक्साइड. भट्टीत पाच किलो चुनखडी घाला की पाच टन, तापमान तेच असेल तर समतोलातला कार्बन डायऑक्साइडचा दाब तोच. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला हा दाब एका वातावरणाइतका होतो. चुनाभट्टी तेवढी तापवावी लागते, त्यामागचं गणित हे.

पहिलं उदाहरण: वर्गमूळ घेऊन सुटणारं

हायड्रोजन + आयोडीन ⇌ २ हायड्रोजन आयोडाइड

४५० अंश सेल्सिअसच्या आसपास याचा के सुमारे ५० असतो. तोंडी हिशेबाला बरा म्हणून आपण ४९ धरू. २ लिटरच्या बंद भांड्यात १ मोल हायड्रोजन आणि १ मोल आयोडीन घातलं. समतोलात काय काय असेल?

आधी भागाकार: दोन्हींची संहती ०.५० मोल प्रति लिटर.

आरंभ: हायड्रोजन ०.५०, आयोडीन ०.५०, आयोडाइड ०
बदल: −क्ष, −क्ष, +२क्ष
अखेर: ०.५० − क्ष, ०.५० − क्ष, २क्ष

ही शेवटची ओळ के मध्ये बसवा:

(२क्ष)² ÷ (०.५० − क्ष)² = ४९

इथं कंस सोडवत बसायचं नाही. वरही वर्ग, खालीही वर्ग. दोन्ही बाजूंचं वर्गमूळ घेतलं की २क्ष ÷ (०.५० − क्ष) = ७. म्हणजे २क्ष = ३.५ − ७क्ष, ९क्ष = ३.५, क्ष = ०.३८९.

हायड्रोजन ०.१११, आयोडीन ०.१११, हायड्रोजन आयोडाइड ०.७७८ मोल प्रति लिटर.

बरेच जण क्ष सापडला की पेन ठेवतात. क्ष हे उत्तर नाही, उत्तर अखेरच्या ओळीत आहे. प्रश्नात आयोडाइडची संहती विचारलेली असते आणि पर्यायांमध्ये ०.३८९ मुद्दाम ठेवलेलं असतं.

पडताळा: ०.७७८ ला ०.१११ नं भागलं की ७, त्याचा वर्ग ४९. दहा सेकंदांचं काम.

दुसरं उदाहरण: उणे आयोडीन

तीच अभिक्रिया, तोच के. पण हायड्रोजन १.० आणि आयोडीन ०.५० मोल प्रति लिटर.

अखेर: हायड्रोजन १.० − क्ष, आयोडीन ०.५० − क्ष, आयोडाइड २क्ष

आता खाली पूर्ण वर्ग नाही, त्यामुळे वर्गमूळाची पळवाट बंद.

४क्ष² = ४९ (१.० − क्ष)(०.५० − क्ष)

सोडवून मांडलं की ४५क्ष² − ७३.५क्ष + २४.५ = ०. विवेचक ५४०२.२५ − ४४१० = ९९२.२५, त्याचं वर्गमूळ ३१.५. मुळं दोन: १०५ ÷ ९० म्हणजे १.१६७, आणि ४२ ÷ ९० म्हणजे ०.४६७.

सूत्रात अधिक चिन्ह आधी येतं, म्हणून पहिलं उत्तर १.१६७. आमच्या चाचणीतल्या मुलीनं घेतलं ते हेच. पण वहीकडे बघा. आयोडीन होतं ०.५०. त्यातून १.१६७ कसं जाणार? मोंढ्यात पन्नास पोत्यांच्या शिल्लकेतून एकशे सतरा पोती गेल्याचं लिहिलं तर मालक मुनिमाला घरी पाठवेल. म्हणून वर्गसमीकरण सोडवायच्या आधीच क्ष ची मर्यादा कागदाच्या कडेला लिहून ठेवायची सवय लावा: इथं क्ष शून्यापेक्षा मोठा आणि ०.५० पेक्षा लहान. मग कुठलं मूळ घ्यायचं याचा विचारच करावा लागत नाही.

क्ष = ०.४६७. हायड्रोजन ०.५३३, आयोडीन ०.०३३, आयोडाइड ०.९३३. पडताळा: ०.९३३ चा वर्ग ०.८७१, ०.५३३ × ०.०३३३ म्हणजे ०.०१७८, भागाकार ४९.

या आकड्यांत एक गंमतही आहे. पहिल्या उदाहरणात शंभरातलं ७८ टक्के आयोडीन खर्ची पडलं होतं, आता ९३ टक्के. आयोडीन तेवढंच, फक्त जोडीला हायड्रोजन जास्त दिला. महाग पदार्थ पुरेपूर वापरायचा असेल तर स्वस्त पदार्थ जास्तीचा घालतात, ते यामुळे.

लिटरनं भागायचं विसरलं तर

वरच्या अभिक्रियेत एक धोका दडलेला आहे. दोन्ही बाजूंना मोल दोनच असल्यानं आकारमान वरखाली छेदलं जातं. मोल वापरले काय, संहती वापरली काय, के तोच येतो. त्यामुळे मुलांना वाटतं भागाकार नाही केला तरी चालतं.

आता डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड घ्या. रंगहीन वायू, त्याचे दोन तुकडे झाले की तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड.

टेट्रॉक्साइड ⇌ २ डायऑक्साइड, २५ अंशाला के = ०.००४६

१० लिटरच्या भांड्यात १ मोल टेट्रॉक्साइड. खरी संहती ०.१०. मांडणी: ४क्ष² = ०.००४६ (०.१० − क्ष). क्ष येतो ०.०१०२, म्हणजे सुमारे १० टक्के टेट्रॉक्साइड फुटलं. आणि भागायचं विसरून १ च घेतला तर क्ष येतो ०.०३३, म्हणजे ३.३ टक्के. उत्तर तिपटीनं चुकलं, आणि गणितात कुठंही खाडाखोड नाही.

याच उदाहरणात तापमानाचीही आठवण करून देतो. ०.००४६ हा के २५ अंशाचा आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ वर जातो आणि प्रयोगशाळेत पंखा असला तर असतो. टेट्रॉक्साइड फुटायला उष्णता लागते, म्हणून तापमान वाढलं की के वाढतो. ४२ अंशाला तो २५ अंशाच्या तिपटीच्या वर जातो. बंद नळीतला वायू उन्हाळ्यात जास्त तपकिरी आणि बर्फाच्या पाण्यात फिका दिसतो तो त्यामुळे. उत्प्रेरकाचं तसं नाही. तो समतोल लवकर आणतो, अखेरच्या ओळीतला एकही आकडा बदलत नाही.

गाडी कोणत्या दिशेनं जाणार?

आत्तापर्यंत उत्पादित शून्य होतं, त्यामुळे पुढे जाण्याखेरीज इलाज नव्हता. पण आरंभीच दोन्ही बाजूंचा माल भांड्यात असला तर? अंदाजानं चिन्हं टाकू नका. के च्या सूत्रातच आरंभीच्या संहती घालून आकडा काढा. त्याला क्यू म्हणतात. क्यू के पेक्षा लहान असेल तर अभिक्रिया पुढे जाईल, मोठा असेल तर मागे, सारखा असेल तर समतोल आधीच झालेला आहे.

टेट्रॉक्साइड ०.१० आणि डायऑक्साइड ०.०५० असं मिश्रण घेऊ. क्यू = ०.०५० चा वर्ग ÷ ०.१० = ०.०२५. के आहे ०.००४६. क्यू मोठा, म्हणजे मागे. डायऑक्साइडची जोडी जमून टेट्रॉक्साइड होणार.

आरंभ: टेट्रॉक्साइड ०.१०, डायऑक्साइड ०.०५०
बदल: +क्ष, −२क्ष
अखेर: ०.१० + क्ष, ०.०५० − २क्ष

कडेला मर्यादा: क्ष ०.०२५ पेक्षा लहान.

(०.०५० − २क्ष)² = ०.००४६ (०.१० + क्ष)
४क्ष² − ०.२०४६क्ष + ०.००२०४ = ०

मुळं ०.०१३६ आणि ०.०३७६. दुसरं मर्यादेबाहेर, यावेळीही दोन्ही मुळं धन असूनही. उणे मूळ टाकायचं आणि अधिक घ्यायचं अशी पाठ केलेली युक्ती इथं तोंडघशी पाडते. टेट्रॉक्साइड ०.११३६, डायऑक्साइड ०.०२२९. पडताळ्यात ०.००४६ परत येतो.

खरं सांगायचं तर दिशा चुकली तरी आभाळ कोसळत नाही. बीजगणित क्ष उणे देऊन तुम्हाला सांगतं की दिशा उलटी धरली. पण पुढे आपण सन्निकटनं, म्हणजे नगण्य क्ष सोडून देऊन काढलेली जवळपासची उत्तरं, वापरणार आहोत, तिथं दिशा आधी माहीत असणं फायद्याचं.

के इवलासा असेल तेव्हा

नीट, जेईई मेन, सीईटी, कुठंच कॅल्क्युलेटर नेऊ देत नाहीत. म्हणून हा भाग मन लावून वाचा.

ॲसिटिक आम्ल, म्हणजे चायनीजच्या गाड्यावरच्या व्हिनेगरमधलं. त्याचा के १.८ × १०⁻⁵. ०.१० मोल प्रति लिटर द्रावणात हायड्रोजन आयन किती?

अखेर: आम्ल ०.१० − क्ष, हायड्रोजन आयन क्ष, ॲसिटेट क्ष

क्ष² ÷ (०.१० − क्ष) = १.८ × १०⁻⁵

के इतका लहान की क्ष ०.१० पुढे नगण्य असणार. शंभर रुपयांतून रुपया-सव्वा रुपया गेला तर शंभरच म्हणतो तसं छेदातला क्ष सोडून द्या. क्ष² = १.८ × १०⁻⁶, क्ष = १.३४ × १०⁻³.

पण सोडून दिलेल्याचा जाब नंतर द्यावा लागतो. १.३४ × १०⁻³ हे ०.१० च्या १.३ टक्के. पाच टक्क्यांच्या आत असेल तर चालतं, असा रिवाज आहे. चाललं.

आता हेच आम्ल शंभरपट पातळ करा, ०.००१० मोल प्रति लिटर. तीच पद्धत लावली तर क्ष = १.३४ × १०⁻⁴, म्हणजे १३ टक्के. नापास. इथं बहुतेक जण निमूटपणे वर्गसमीकरणाकडे वळतात. मी वळत नाही. जो क्ष आला तोच छेदात घालून पुन्हा काढतो:

०.००१० − ०.०००१३४ = ०.०००८६६. गुणिले १.८ × १०⁻⁵, वर्गमूळ: १.२४८ × १०⁻⁴.
पुन्हा छेदात घातला: १.२५५ × १०⁻⁴.
आणखी एकदा: १.२५५ × १०⁻⁴.

आकडा हलायचा थांबला की उत्तर आलं. वर्गसमीकरणानंही हेच येतं. प्रत्येक फेरीला एक वजाबाकी, एक गुणाकार, एक वर्गमूळ. चिन्हांचा गोंधळ नाही, दुसरं मूळ टाकण्याची भानगड नाही. पर्यायांमध्ये आकडे लांब-लांब असतील तर पहिल्या फेरीतच काम होतं.

के अवाढव्य असेल तेव्हा

हा भाग वर्गात घाईनं उरकला जातो आणि मग मुलं १०⁷ बघून घाबरतात.

प्रॅक्टिकलला क्लोराइडची परीक्षा सगळ्यांनी केलेली असते. सिल्व्हर नायट्रेट घातलं की पांढरा साका, आणि वरून अमोनिया घातला की साका गायब. सिल्व्हर नायट्रेट सांडून बोटं काळी पडलेली मुलं आठवडाभर ओळखू येतात. साका गायब होतो कारण चांदीचा आयन दोन अमोनियांशी घट्ट जोडला जातो:

चांदी आयन + २ अमोनिया ⇌ जोड-आयन, के = १.७ × १०⁷

चांदी आयन ०.०१० आणि अमोनिया ०.५० मोल प्रति लिटर असेल तर मोकळी चांदी किती उरेल? नेहमीसारखं −क्ष धरलंत तर क्ष जवळजवळ ०.०१० येणार आणि ०.०१० − क्ष ही वजाबाकी हातात काहीच ठेवणार नाही. त्यापेक्षा वही दोनदा लिहा. आधी समजा अभिक्रिया शंभर टक्के पूर्ण झाली: चांदी ०, अमोनिया ०.५० − ०.०२० = ०.४८, जोड-आयन ०.०१०. हाच नवा आरंभ. आता थोडंसं मागे या:

अखेर: चांदी क्ष, अमोनिया ०.४८ + २क्ष, जोड-आयन ०.०१० − क्ष

क्ष आता नगण्य आहे, म्हणून ०.०१० ÷ (क्ष × ०.४८ × ०.४८) = १.७ × १०⁷. क्ष = २.६ × १०⁻⁹ मोल प्रति लिटर. ०.०१० पुढे तो खरोखरच किस झाड की पत्ती.

के लहान असेल तर आरंभापासून निघा, के अवाढव्य असेल तर दुसऱ्या टोकापासून निघा. क्ष लहान राहील अशी जागा शोधायची, एवढाच डाव.

शेतातलं एक गणित, ज्याला वही लागत नाही

आमच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींचा पीएच बहुधा ८ च्या आसपास किंवा थोडा वर असतो. अशा रानात युरिया वरच्यावर फेकला आणि पाऊस लांबला, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाकाला अमोनिया जाणवतो. जमिनीतल्या युरिएज या विकरामुळे युरियाचा अमोनियम होतो आणि मग:

अमोनियम आयन ⇌ अमोनिया + हायड्रोजन आयन, के = ५.६ × १०⁻¹⁰

इथं हायड्रोजन आयनाची संहती आपल्या क्ष वर ठरत नाही, जमीन ती धरून ठेवते. म्हणून तीन ओळींची गरज नाही. अमोनिया आणि अमोनियम यांचं गुणोत्तर म्हणजे सरळ के भागिले हायड्रोजन आयन.

पीएच ८.२ म्हणजे हायड्रोजन आयन ६.३ × १०⁻⁹. गुणोत्तर ०.०८९. एकूण दोघांपैकी सुमारे ८ टक्के अमोनियाच्या रूपात. पीएच ७ असता तर अर्धा टक्का. आणि युरिया विरघळतो त्या ठिपक्याभोवती पीएच काही काळ आणखी चढतो. ९ धरला तर ३६ टक्के.

माझे वडील या आकड्यांना म्हणाले होते, "मग आठ टक्केच जातंय ना, जाऊ दे." तसं नाही. आठ टक्के हा त्या क्षणीचा वाटा आहे. वरचा अमोनिया वाऱ्यावर गेला की गुणोत्तर बिघडतं, ते भरून काढायला आणखी अमोनियम फुटतं, तोही उडतो. भांडं उघडं आहे, समतोल कधी पुरा होतच नाही. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्क्यांनी जेमतेम २०.७ किलो नत्र असतं, ते असं हवेत सोडायचं नसेल तर युरिया मातीआड करायचा किंवा लगेच पाणी द्यायचं. झाकण लावल्यासारखंच ते.

एक गणित तुमच्यासाठी

ॲसिटिक आम्ल + इथेनॉल ⇌ इथाइल ॲसिटेट + पाणी. पाणी इथं द्रावक म्हणून भरभरून नाही, इतरांसारखंच थोडं आहे, म्हणून ते के मध्ये मोजायचं. के = ४. १ मोल आम्ल आणि १ मोल इथेनॉल घेतलं तर दोन-तृतीयांश मोल एस्टर मिळतं. ते वर्गमूळानं दोन ओळींत सुटतं, करून बघा.

आता १ मोल आम्ल आणि २ मोल इथेनॉल घ्या. आकारमान छेदलं जातं, त्यामुळे मोलच वापरा, पण का छेदलं जातं हे आधी कडेला लिहा. क्ष ची मर्यादाही लिहा. समीकरण ३क्ष² − १२क्ष + ८ = ० असं आलं पाहिजे, आणि मुळं ३.१५ आणि ०.८४५. आम्ल एकच मोल आहे.

चाचणीतल्या त्या मुलीला मी हेच गणित दिलं होतं. तिनं कडेला लिहिलं, "क्ष १ पेक्षा कमी," आणि ३.१५ वर एक आडवी रेघ मारली.